चित्रांत लिहिलेलं नाटक

रामायणाच्या पोथीतलं युद्धाचं एक पान समोर धरा. डाव्या कडेला एक रथ, उजव्या कडेला दुसरा. दोन्ही रथांत धनुष्य ताणून उभे असलेले वीर, एकमेकांकडे तोंड करून. मधे कोरा कागद आणि त्यातून सुटलेले बाण. खाली जमीन काढलेली नाही, वर आभाळ नाही. सैन्य म्हणून चार-दोन वानर किंवा राक्षस, तेही कडेला. कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथींनी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या मंडळींनी, युद्धाचं पान पिढ्यानपिढ्या साधारण असंच मांडलं आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, चित्रकाराने काम अर्धवट सोडलं की काय. लंकेची लढाई आणि एवढा कागद मोकळा?

तो कागद आवाजासाठी राखून ठेवलेला आहे. देवळाच्या मंडपात, रात्रीच्या वेळी, दिव्याच्या उजेडात हे पान उभं धरलं जातं आणि धरणारा सतत बोलत, गात असतो. मुख्य कथेकऱ्याच्या हाती वीणा, साथीला टाळ आणि हुडुक. आधी पदाचे दोन चरण, मग गद्य, मग पुन्हा पद. रावण बोलायला लागला की आवाज छातीतून येतो, सीता बोलायला लागली की खाली उतरतो. समुद्र, धूळ, रणवाद्यं, मेलेल्या हत्तींचा खच हे सगळं या आवाजात येतं. ते चित्रातही काढलं असतं तर आवाजाला करायला काही उरलं नसतं. आपल्याकडच्या फार थोड्या चित्रकारांनी दुसऱ्या कलेसाठी एवढी जागा सोडली असेल. चित्रकार आणि कथेकरी एकाच घरातले, पुष्कळदा एकच माणूस, म्हणून हे जमलं. कुंचला हातात असतानाच त्याला माहीत असतं की या ठिकाणी आपल्याला बोलायचं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की चित्रकथीची पोथी चित्रसंग्रह म्हणून बघू नये, नाटकाची संहिता म्हणून वाचावी. ज्याने पानं रंगवली त्यानेच नाटक रचलं. शब्द त्याने कागदावर उतरवले नाहीत, पण नाटककाराचं जे मुख्य काम, म्हणजे कोणता क्षण दाखवायचा, कोणता सांगून न्यायचा, कोण कोणासमोर उभा राहायचा आणि कधी, ते सगळं त्याने रेषेत करून ठेवलं.

पुन्हा त्या पानाकडे या. बाण सुटलेले आहेत, पण लागलेले नाहीत. वीर पडलेला नाही, रथ मोडलेला नाही. चित्रकाराने निवडलेला क्षण घाव बसण्याच्या आधीचा आहे. घाव बसल्याचं चित्र काढलं तर गोष्ट पुढे गेली, आणि आता कथेकरी काय सांगणार? बाण अधांतरी ठेवले की त्याला हवा तेवढा वेळ मिळतो. तो रामाच्या तोंडून रावणाला चार शब्द सुनावू शकतो, रावणाच्या तोंडून त्यांना उत्तर देऊ शकतो, मधे एखादा दाखला, गावातल्या कोणाला कोपरखळी. लोक रंगले असतील तर पान लांबतं, पोरं पेंगायला लागली तर आवरतं. बाण मात्र जागच्या जागी. रंगमंचावर नट ज्या क्षणी थांबतो आणि प्रेक्षक पुढे सरकतो, तो क्षण या अडाणी म्हटल्या गेलेल्या चित्रकारांना नेमका सापडलेला आहे.

आता डोळे बघा. चेहरा बाजूने काढलेला, नाक टोकदार, पण डोळा मोठा आणि पुरता उघडा, जणू समोरून पाहिल्यासारखा. शरीरशास्त्राच्या हिशेबाने हे चूक. मंडपातल्या शेवटच्या रांगेच्या हिशेबाने बरोबर. मिणमिणत्या उजेडात लांबून दिसायच्या त्या दोनच गोष्टी: नजर कोणाकडे आहे आणि हात काय करतो आहे. म्हणून हातही मोठे, बोटं सुटी, मनगटाला ठाम बाक. सांगणारा हात, विनवणारा हात, शस्त्र उगारलेला हात, सगळे लांबून ओळखू येतात. पायांची ठेवणही तशीच. पात्र जायला निघालं असेल तर पाऊल आधीच पानाच्या कडेकडे वळलेलं असतं. कडेला पोचलेलं पाऊल ही बोलणाऱ्याला सूचना असते की आता हा प्रवेश संपवायला घ्या.

आणि प्रवेश संपतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक बाजू सांगून झाली की मनगटाच्या एका हालचालीत पान फिरतं आणि पाठचं दृश्य समोर येतं. पडदा पडला, पडदा उघडला. पाठच्या बाजूला काय आहे हे बघणाऱ्याला माहीत नसतं, सांगणाऱ्याला पक्कं माहीत असतं. त्यामुळे पान फिरवायच्या आधीचं शेवटचं वाक्य तो कुठे तोडतो यावर सगळा रंग. एका पोथीत अशी तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त चित्रं, सगळी क्रमाने लावून फडक्यात बांधलेली. एक पोथी म्हणजे एक आख्यान. रामायण-महाभारतातली प्रकरणं त्यात आहेत, आणि रूढ ग्रंथांत सहसा न सापडणाऱ्या, लोकांच्या तोंडी राहिलेल्या कथाही आहेत.

शब्द लिहिलेले नसतील तर त्याला नाटक कसं म्हणायचं, असं कोणी विचारील. त्याने मराठी रंगभूमीच्या उगमाकडे बघावं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्यात पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं आपापली भाषणं प्रसंग ओळखून ऐन वेळी करायची. पुढे १८८५ मध्ये भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापून आला, त्यात मिळतात ती पदंच. बोललेलं सगळं त्या त्या रात्रीबरोबर गेलं. तरीही भाव्यांना मराठीचे आद्य नाटककार म्हणताना आपण क्षणभरही अडखळत नाही, आणि ते योग्यच आहे. पिंगुळीच्या आसपासच्या मुलखातला दशावतारही असाच चालतो. आख्यान कोणतं ते ठरतं, पात्रं वाटली जातात आणि मग नट आपल्या हुशारीवर बोलतात. न लिहिलेल्या संवादांची ही परंपरा कोकणात आजही जिवंत आहे. चित्रकथी त्याच घरातला, फक्त त्याची पात्रं कागदावरची. भाव्यांना जो मान आपण देतो त्यातला थोडा तरी या अनाम चित्रकारांच्या वाट्याला यायला हवा होता.

अनाम म्हणतो खरा, पण त्यांतलं एक नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. परशुराम गंगावणे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी, त्यातली गुढीपूर ही ठाकर समाजाची वस्ती. तिथे चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या हे तिन्ही प्रकार एकाच घरात शिकले जातात. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. मुलगा बापाच्या मागे बसतो, आधी टाळ वाजवायला लागतो, मग साथीला सूर धरतो, आणि एके दिवशी पान त्याच्या हातात येतं. सावंतवाडीच्या राजघराण्याने एके काळी या कलेला आश्रय दिला. तो आधार गेला, सिनेमा आला, मग टीव्ही, आणि देवळातल्या रात्री कमी होत गेल्या. पोट भरेना म्हणून घरं या कामातून बाहेर पडली. गंगावणे राहिले. जुनी चित्रं, बाहुल्या, वाद्यं त्यांनी जमवली, सांभाळली आणि २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे त्याचं नाव. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याच वर्षीच्या पद्मश्रींच्या यादीत आमच्या वाशीम जिल्ह्यातलं एक नाव होतं, शिरपूरचे नामदेव कांबळे. ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ते. एक कोकणच्या टोकाचा, एक वऱ्हाडातला. एकाने गोष्ट कागदावर रंगवून तोंडाने सांगितली, दुसऱ्याने कागदावर लिहिली. दोन्ही माणसं अशा घरांतून आली जिथे मानसन्मान कोणी हातात आयता ठेवत नाही. ही दोन नावं शेजारी वाचताना मला मोठा आनंद झाला होता.

मी हे लिहितो आहे ते याच वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात बसून. इथून कुडाळ म्हणजे अख्खा महाराष्ट्र ओलांडून जाणं. वऱ्हाडातल्या माणसाने कोकणातल्या पोथीबद्दल एवढ्या जिव्हाळ्याने का लिहावं? कारण ही कला आमचीही होती. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात चित्रकथींची नोंद आहे. देवादिकांची आणि वीरांची चित्रं दाखवत, त्यांच्या कथा सांगत फिरणारी मंडळी, हरदास हे त्यांचं दुसरं नाव. १९०१ च्या गणनेत मध्य प्रांतात ते सुमारे २०० होते आणि वऱ्हाडात सुमारे १५००, त्यातले मुख्यतः अमरावती जिल्ह्यात. त्या काळी वाशीम हा वऱ्हाडाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मुख्यतः अकोल्यात गेला आणि १९९८ मध्ये पुन्हा वेगळा झाला. म्हणजे आपल्या पणज्याच्या वयाच्या माणसांनी या मुलखात चित्रकथी पाहिला असणार, पारावर बसून ऐकला असणार. आज गोंधळ, भारूड, सप्त्यातलं कीर्तन हे सगळं टिकून आहे. चित्रं घेऊन फिरणारा माणूस मात्र वऱ्हाडाच्या बोलण्यातूनही गेला.

आणखी मागे जावं तर वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेचं वत्सगुल्म. या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं, असं तिथला शिलालेख सांगतो. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. शेजारच्या सतराव्या लेण्यातलं विश्वंतर जातक बघताना एक गोष्ट लक्षात येते. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुनःपुन्हा येतो, प्रसंग एकमेकांना खेटून उभे असतात, आणि कोणीतरी बोट ठेवून सांगत नाही तोवर कथा उलगडत नाही. भिंतीलाही सांगणारा माणूस लागत होता. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रांच्या आधाराने कथा सांगणारा चित्रकथक भेटतोच. अजिंठ्याच्या चित्रकारापासून पिंगुळीच्या ठाकरापर्यंत सरळ रेघ ओढावी असं मी म्हणत नाही. राजाश्रयाची ती कला आणि गावच्या देवळातली ही, यांत फार अंतर आहे. पण चित्र आणि बोल यांनी मिळून गोष्ट पुरी करायची, ही रीत या मातीत फार जुनी आहे एवढं खरं.

चित्रकथीच्या दुसऱ्या घराण्याबद्दलही बोललं पाहिजे. पैठणी म्हणून ओळखली जाणारी एकोणिसाव्या शतकातली चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. ती पिंगुळीपेक्षा कितीतरी भडक. जाड काळी रेषा, पेटलेला तांबडा, पिवळा, अंगभर दागिने, आणि पानाच्या कडांना टेकतील एवढ्या मोठ्या आकृत्या. आंध्र-कर्नाटकातल्या चामड्याच्या बाहुल्यांशी त्यांचं नातं चटकन दिसतं. राक्षस तर असे की पान फाडून बाहेर येतील. चित्र म्हणून पैठणी पान पहिल्या नजरेत जिंकतं, यात शंका नाही. जुन्या पिंगुळी पानांत रंग मोजके, रेषा बारीक आणि वळणदार, माणसं सडपातळ, आणि तो मोकळा कागद. मला विचाराल तर नाटक म्हणून पिंगुळी सरस. पैठणी चित्र स्वतःच मोठ्याने बोलतं. पिंगुळीचं चित्र सुरुवात करून देतं आणि बाजूला होतं.

पिंगुळीची ही रेषा बाहुल्यांच्या शेजारी ठेवून बघितली की आणखी उमगते. चामड्याची बाहुली पांढऱ्या पडद्यामागे, दिव्याच्या पुढे नाचवायची. तिथे बाह्याकृतीवर सगळी भिस्त. म्हणून नाक, मुकुट, धनुष्य यांची कड स्वच्छ कापलेली. तीच स्वच्छ कड कागदावरच्या चित्रात उतरते, कारण कापणारा आणि रंगवणारा हात एकच. कळसूत्री बाहुलीने त्याला दुसरी गोष्ट शिकवली. दोरी ओढली की हात एका झटक्यात वर जातो, मधल्या अवस्था नसतात. चित्रातले हातही तसेच, एक तर पूर्ण उगारलेले किंवा पूर्ण जोडलेले. अर्धवट हालचालीत सापडलेलं माणूस चित्रकथीच्या पानावर क्वचितच दिसेल. ही माणसं तीन माध्यमांत एकाच वेळी वावरली, त्यामुळे प्रत्येकात दुसऱ्याची शिस्त आली. कलाशाळेत चित्रकला एका मजल्यावर आणि नाट्य दुसऱ्या इमारतीत असतं. तिथे हे शिकवता येणार नाही.

जुन्या पोथ्या फार थोड्या उरल्या आहेत, त्याचं एक कारण मनाला लागतं. ही चित्रं देवाची मानली जायची. पान जीर्ण झालं की ते टाकत किंवा विकत नसत, पाण्यात विसर्जित करत, आणि त्याच्या जागी नवं पान रंगवत. त्यामुळे मूळ हात कोणाचा, साल कोणतं, हे शोधायचं कुठे? पण या रिवाजात नाटककाराचा एक विश्वासही आहे. कागद गेला तरी आख्यान जात नाही, कारण ते पुढच्या माणसाच्या हाताला आणि जिभेला ठाऊक आहे. प्रत्येक नवं पान म्हणजे जुन्या नाटकाचा नवा प्रयोग. थोडी रेषा बदलायची, एखादं पात्र पुढे यायचं, एखादं मागे सरायचं.

आज पिंगुळीत पुन्हा चित्रं रंगवली जातात, विकली जातात. बाजारचे रंग आले, चित्रं भेटकार्डांवर आणि कपड्यांवर गेली. मला त्यात वावगं वाटत नाही. कलाकाराच्या घरी चूल पेटली पाहिजे, आणि चित्र विकून ती पेटत असेल तर आनंदच आहे. काळजी आहे ती दुसऱ्या गोष्टीची. चित्र विकलं जातं ते एकेकटं. गिऱ्हाईकाला भिंतीवर लावायला एक पान हवं असतं, भरगच्च, चौकटीत शोभणारं. मागणी तशी, तर चित्रकारही हळूहळू मोकळा कागद भरू लागणार. मागे झाडं येणार, डोंगर येणार, नक्षीची किनार येणार. बाण ज्यातून जायचे ती जागा बुजणार. चित्र सुंदर होईल आणि नाटक मरेल. एकटं पान म्हणजे नाटकातला एक फाडलेला प्रवेश. त्याच्या आधी काय होतं आणि पाठीवर काय होतं, हे घेणाऱ्याला कधीच कळणार नाही.

संग्रहालयांनाही एक सांगणं आहे. चित्रकथीचं पान काचेमागे लावता तेव्हा शेजारी त्याच आख्यानाचा आवाज ऐकू येण्याची सोय करा. आख्यान येणारी माणसं आहेत तोवर पूर्ण पोथी, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, त्यांच्या तोंडून ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवा. पाच मिनिटांचे तुकडे पुष्कळ झाले. पूर्ण रात्रीचं आख्यान सलग जपलेलं हवं. मराठीच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात नाट्यवाङ्मय शिकवताना भाव्यांच्या आधी किंवा शेजारी चित्रकथीचं एक आख्यान ठेवायला काय हरकत आहे?

आणि वाचकहो, कधी गोव्याकडे जाताना कुडाळ लागलं तर महामार्गावरून पिंगुळीला वळा. राऊळ महाराजांच्या मठात जाणारे पुष्कळ असतात, त्यांनी गुढीपूरलाही पाय लावावेत. चित्र विकत घ्यायचं तर जरूर घ्या, घासाघीस न करता घ्या. पण त्याआधी तिथे बसा आणि एखादं आख्यान सांगायला सांगा, त्याची बिदागी वेगळी द्या. वऱ्हाडात कोणाच्या माळ्यावर, एखाद्या जुन्या पेटीत, फडक्यात बांधलेला चित्रांचा गठ्ठा निघाला तर तो सुटा करून वाटू नका, विकू नका. पानं ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने ठेवा, त्यांवर आकडे घालू नका, आणि जाणत्या माणसाला दाखवेपर्यंत पाठीला चिकटलेली पाठ सोडवू नका.